मोरोपंतांची केका आणि तांब्याभर पाणी

(द्वितीय वर्ष कला)

या लेखाचे पहिले वाक्य मी आधी असे लिहिले होते : ‘माझ्या अल्पमतीने मोरोपंतांसारख्या थोर पंडितकवीवर लिहिण्याचे धाडस करीत आहे, तरी सुज्ञ वाचकांनी चूकभूल पदरात घ्यावी.’ वाक्य वाचायला चांगले वाटले. मग मीच मला विचारले, आपली मती अल्प आहे असे आपल्याला खरोखर वाटते का? खरे सांगायचे तर वाटत नव्हते. उलट ते वाक्य लिहून झाल्यावर आपण किती नम्र आहोत याचाच आनंद होत होता. म्हणून ते खोडले.

अशी वाक्ये आपण सगळेच लिहितो. एस.टी.च्या पासासाठी अर्ज केला की खाली ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ म्हणून सही करतो आणि अर्ज देऊन बाहेर आलो की कारकुनाच्या नावाने बोटे मोडतो. वक्तृत्व स्पर्धेत ‘माझे बोबडे बोल’ म्हणणारा मुलगा पहिल्या नंबराचीच वाट पाहत असतो. यात फार मोठे पाप आहे असे नाही; भाषेच्या या रीतीभाती आहेत. पण नम्रतेची रीत आणि नम्रता यांत अंतर किती, हे मला यंदा एका कवितेमुळे आणि घरात घडलेल्या एका गोष्टीमुळे मोजावे लागले. कवितेचे आधी सांगतो, कारण ते सांगणे सोपे आहे.

मी इंदापूर तालुक्यातला, बेलवाडीजवळच्या एका वस्तीवरचा. बारामतीला कॉलेजात रोज एस.टी.ने येतो. वडील चौथीपर्यंत शिकलेले. आईचे आईवडील ऊसतोडीला जात, त्यामुळे तिची शाळा दोन वर्षांत संपली. आज तिला सही तेवढी येते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आमच्या प्राथमिक शाळेत रोज सकाळी रांगेत उभे राहून आम्ही एक श्लोक म्हणत असू. सत्संगती लाभावी, सज्जनांचे बोलणे कानी यावे, बुद्धीवरचा डाग जावा, अशा त्यातल्या मागण्या. आपल्यापैकी बहुतेकांनी तो म्हटलेला असणार, म्हणून येथे लिहून काढत नाही. तो कोणी लिहिला हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. प्रतिज्ञेसारखाच तोही सरकारने पाठवला असेल, अशी माझी समजूत होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आल्यावर कळले, की तो मोरोपंतांच्या ‘केकावली’तला आहे आणि मोरोपंत आपल्या बारामतीत राहत होते. ज्या कऱ्हेच्या पुलावरून मी रोज येतो-जातो, तिच्याच काठच्या गावात बसून एक माणूस हे लिहीत होता.

मोरोपंतांचे पूर्ण नाव मोरेश्वर रामचंद्र पराडकर. जन्म 1729 मध्ये पन्हाळ्यावर. तेथेच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या बंधूंजवळ त्यांनी संस्कृत काव्याचे आणि शास्त्रांचे अध्ययन केले. वडील रामाजीपंत बारामतीला बाबूजी नाईकांच्या पदरी होते. त्यांच्यामागून मोरोपंतही ऐन विशीत बारामतीला आले. बाबूजी नाईक हे मोठे सावकार, पेशव्यांच्या घराण्याशी सोयरीक असलेले. त्यांच्या आश्रयाला मोरोपंतांनी पुराणिक म्हणून सगळी हयात काढली आणि 1794 मध्ये बारामतीतच देह ठेवला. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ हा माणूस बारामतीकर होता.

येथे एक गोष्ट मला फार लक्षात राहिली. पन्हाळा हा धो धो पावसाचा मुलूख. बारामती आणि इंदापूर मात्र सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. कॅनॉलचे पाणी मिळाले तेथे ऊस दिसतो, पण कॅनॉल सोडून थोडे आत जा, म्हणजे आषाढ कोरडा जाणे काय असते ते कळेल. मोरोपंतांच्या काळी तर कॅनॉलही नव्हता. ‘केका’ म्हणजे मोराचे ओरडणे आणि ‘केकावली’ म्हणजे त्या ओरडण्याची माळ. मोरोपंत स्वतःला मयूर म्हणवत. देव हा मेघ आणि कवी हा त्याच्याकडे पाहून टाहो फोडणारा मोर, अशी ती कल्पना आहे. पन्हाळ्याच्या मोराला ढग मागावा लागत नाही. आमच्याकडे मोर ज्वारीच्या रानात ओरडतो तेव्हा त्याच्याबरोबर माणसेही वर बघतात. ही कल्पना संस्कृत काव्यात जुनीच आहे आणि पंतांनी ती तेथूनच घेतली असणार. पण बारामतीत राहून ती त्यांना अधिक खरी झाली असेल, असे मला आपले वाटते.

मोरोपंतांच्या पांडित्याबद्दल येथे फार लिहीत नाही. ते नोट्समध्ये आहे. सबंध महाभारत त्यांनी आर्यांमध्ये आणले. रामायणे एकशेआठ लिहिली असे परंपरा मानते. त्यांतले एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे. त्यात ओठांनी उच्चारायची अक्षरे, म्हणजे प, फ, ब, भ, म वगैरे, मुळीच यायची नाहीत असा नियम. हे वाचल्यावर मी वर्गात बसल्या बसल्या ओठ न लावता ‘राम’ म्हणून पाहिले. येत नाही. ‘म’ला ओठ मिटावेच लागतात. म्हणजे सबंध रामकथा सांगायची आणि रामाचे नाव मात्र घ्यायचे नाही! शब्दांवर केवढी हुकमत असली पाहिजे, आणि ती दाखविण्याची केवढी हौस. अशा कसरतींवरून पुढच्या काळात पंतांवर टीकाही झाली, तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांच्या कवितेची बाजू हिरिरीने घेतली. त्या वादात पडण्याचे मला कारण नाही.

मला कुतूहल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. ज्याने जन्मभर भाषेला दोरीवर चालविले, त्या माणसाने उतारवयात ‘केकावली’ लिहिली आणि तीत देवापुढे अगदी अंग टाकले. पृथ्वी वृत्तातले हे सव्वाशेच्या आसपास श्लोक. पृथ्वी वृत्ताच्या एका चरणात सतरा अक्षरे असतात. मोठ्याने म्हणू लागले की धाप लागल्यासारखे होते आणि ते या काव्याला शोभते. पंत त्यात रडतात, रुसतात, देवाशी वकिलासारखा वादही घालतात. अजामिळाला तारलेस, गजेंद्रासाठी धावलास, मग माझ्याच वेळी तुला काय झाले, असा त्यांचा सूर असतो. आपण पतित आहोत, दीन आहोत, आपल्याजवळ काही नाही, हे ते पुनःपुन्हा सांगतात.

प्रार्थनेतल्या श्लोकांकडे आता मी पहिल्यांदाच डोळे उघडून पाहिले. आत्मपरीक्षणाचा जणू सगळा अभ्यासक्रमच त्यांत आहे. आपण मुळात कोण आहोत ते कळावे, खोटा अभिमान गळून जावा, मन परत मळू नये, अशी मागणी आहे. ‘परत’ मळू नये, यावर मी अडलो. परत म्हणजे आधी मळलेले आहे, हे गृहीतच. शाळेतल्या सात वर्षांच्या मुलांच्या तोंडी आपण केवढा कबुलीजबाब घालतो! आणि साठीच्या आसपासचा, सगळ्या महाराष्ट्राने मान दिलेला पंडित तो सहज देऊन टाकतो.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. या श्लोकांतली सारी क्रियापदे ओकारान्त आहेत. असे होवो, तसे जावो. सगळे आपोआप घडावे, कोणीतरी ते घडवावे. ‘मी करीन’ असे एकही क्रियापद त्यांत नाही. भक्तीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. सर्व काही देवाच्या कृपेने व्हायचे, तर ‘मी करीन’ म्हणणारा तोच अभिमान परत आला की. हे मला समजते. तरीपण कबुलीत ‘मी’ कोठे उभा आहे, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना, कारण त्याच सुमारास माझा ‘मी’ कोठेतरी लपून बसला होता.

आता ती दुसरी गोष्ट सांगतो.

आमच्या दोन जर्सी गाई आहेत. सकाळी आई धारा काढते, मी वासरू धरतो आणि मग आम्ही कॅन घेऊन गावातल्या संकलन केंद्रावर दूध घालायला जातो. गेल्या ज्येष्ठातली गोष्ट. आई दुसऱ्या गाईकडे गेली होती आणि मी वासराची दोरी पायाखाली धरून मोबाईल बघत होतो. दोरी कधी सुटली कळले नाही. पाहतो तो वासरू कासेला लागलेले आणि सड रिकामे. कॅनला दहा लिटरची खूण आहे. दूध त्या खुणेच्या चांगलेच खाली राहिले. आई विचारणार, वडील ओरडणार. मी शेजारचा पितळी तांब्या घेतला, हौदातून भरला आणि कॅनमध्ये ओतला. दूध खुणेला लागले. या सगळ्याला अर्धे मिनिटसुद्धा लागले नसेल.

हल्ली केंद्रावर मशीन असते. दुधाचा थेंबभर नमुना घेते आणि फॅट किती, एसएनएफ किती ते आकड्यांत दाखवते. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून दुधात जे घन पदार्थ असतात ते. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ धरून भाव ठरतो. आमचे दूध एरवी 3.7 आणि 8.5 लागायचे. त्या दिवशी 3.3 आणि 7.6 लागले. गणित सरळ आहे : नऊ भाग दुधात एक भाग पाणी. मशीनला कोणाची भीड नसते.

केंद्रावरचा माणूस म्हणाला, “मावशी, दुधात पाणी हाय. हे घेता यायचं न्हाई.” मागे वीस-पंचवीस माणसे कॅन घेऊन उभी. कोणीतरी हसले. कोणीतरी म्हणाले, “आता ह्यांनी बी सुरू केलं व्हय.” आईने आकड्यांकडे पाहिले, तिला ते वाचता येत नाहीत. ती म्हणाली, “कॅन धुतल्यावर तळाला पाणी ऱ्हायलं आसंल. माझंच चुकलं बघा.” आणि कॅन उचलून ती बाजूला झाली.

मी तिच्या शेजारी उभा होतो. बोललो नाही.

घरी आल्यावर ते दूध शेजारी देऊ, असे मी सुचवले, तर आई म्हणाली, “पाण्याचं दूध दुसऱ्याला कसं द्यायचं?” ते तिने घरीच विरजले. दुसऱ्या दिवसापासून ती पाव तास लवकर उठू लागली. कॅन गरम पाण्याने धुवायचा, फडक्याने आतून पुसायचा, चुलीजवळ पालथा घालून वाळवायचा आणि मग हात घालून एकदा तळ चाचपून पाहायचा. हे मी रोज पाहत होतो.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी तुकोबांची पालखी आली. देहूहून निघालेली ही पालखी बारामतीचा मुक्काम करून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी इंदापूरला जाते, हे येथल्या वाचकांना सांगायला नको. काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्या पालखीभोवती धावतात. बेलवाडीला गोल रिंगण होते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये हा सोहळा सुरू केला. आमच्या वस्तीवरची माणसे रस्त्याला पाणी, चहा, पिठलं-भाकरी घेऊन बसतात. मी पाणी देत होतो, त्याच पितळी तांब्याने. सत्तरीचे एक बाबा थांबले, घटाघटा पाणी प्याले, तांब्या माझ्या हातात दिला आणि खाली वाकून त्यांनी माझ्या पायांना हात लावला. वारीत ही रीतच आहे. थोरला धाकट्याच्या पाया पडतो, समोरच्याला माऊली म्हणतो आणि पुढे चालू लागतो. मला हे लहानपणापासून ठाऊक होते. दर वर्षी कोणी ना कोणी पाया पडतेच. यंदा मात्र मी दोन पावले मागे सरकलो. बाबांना वाटले असेल, पोरगा लाजला.

येथे मला तुकोबांकडे जावे लागते, आणि मोरोपंतांनाही ते आवडले असते. आपल्या ‘सन्मणिमाले’त त्यांनी संतांना जे वंदन केले आहे, त्यात तुकोबाही आहेत. तुकोबांचा काळ पंतांच्या आधी शेसव्वाशे वर्षांचा, 1608 ते 1650 असा सामान्यपणे मानतात. त्यांचा एक आत्मचरित्रपर अभंग आपल्याला अभ्यासाला आहे. त्यात ते आपली हकीगत सांगतात. जात सांगतात. वाण्याचा धंदा केला हे सांगतात. आईबाप गेले, दुष्काळाने पैसा नेला आणि मानही नेला, बायको अन्नावाचून मेली, धंद्यात तूट आली, लाज वाटली, हे सगळे क्रमाने सांगतात. 1629 ते 1631 चा तो दुष्काळ इतिहासात प्रसिद्धच आहे. आणि मग ते म्हणतात, की खरे काय नि खोटे काय याची साक्ष मी माझ्याच मनाकडे मागितली, पुष्कळांचे मत काय ते पाहिले नाही. अभंगाची ओळ देत नाही. आशय असा आहे.

पंत आणि तुकोबा यांचे आत्मनिवेदन शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मला एक फरक जाणवला. तो बरोबर आहे की नाही, हे प्राध्यापक मंडळींनी सांगावे. पंतांची कबुली सर्वसाधारण आहे, तुकोबांची तपशिलाची. पंत म्हणतात मी पतित. काय केले, कधी केले, कोणाचे नुकसान झाले, हे आपल्याला कळत नाही. तुकोबांच्या कबुलीत दुकान आहे, उपाशी मेलेली बायको आहे, चारचौघांतली लाज आहे. ‘मी पापी आहे’ हे वाक्य हजार माणसांपुढे म्हणता येते, कोणी उलट विचारत नाही. ‘मी मंगळवारी सकाळी कॅनमध्ये तांब्याभर पाणी ओतले’ हे वाक्य एका माणसापुढेही तोंडातून निघत नाही.

असे वाटून काही दिवस मी पंतांवर मनातून रागावलो होतो. पुढे हा राग चुकीचा वाटू लागला. पंतांनी सदरा सर्वांच्या मापाचा शिवला आहे. तुकोबांचा तो अभंग शाळेत प्रार्थना म्हणून चालणार नाही, कारण त्यात तुकोबांचेच आयुष्य आहे, दुसऱ्या कोणाचे त्यात मावत नाही. पंतांच्या श्लोकात माझाही डाग बसतो, तुमचाही बसतो, केंद्रावरच्या माणसाचाही बसतो. जागा मोकळी ठेवली आहे. तेथे आपापला तपशील ज्याने त्याने भरायचा. आम्ही शाळेत दहा वर्षे ती जागा मोकळीच ठेवून श्लोक म्हणत राहिलो, यात कवीचा काय दोष?

आत्मपरीक्षण या शब्दातला ‘परीक्षण’ हा भाग संस्कृतात परि आणि ईक्ष् मिळून होतो. परि म्हणजे सभोवार आणि ईक्ष् म्हणजे पाहणे. स्वतःकडे सर्व बाजूंनी पाहायचे. मी आजवर समोरच्या बाजूनेच पाहत होतो, आरशात पाहतात तसा. पाठीमागून पाहिले तर काय दिसते? दिसते ते असे, की आईची नम्रता खरी होती आणि मी तिच्या आडोशाला उभा होतो. तिने न केलेली चूक पत्करली, म्हणून माझी केलेली चूक झाकली गेली. केंद्रावरच्या सगळ्यांचे मत झाले, की बाई निष्काळजी किंवा लबाड. तुकोबांनी बहुमत मानले नाही. मी त्या बहुमताची चादर पांघरून झोपलो. नम्रतेबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलेले असते, पण एकाची नम्रता दुसऱ्याच्या खोटेपणाला खाऊ घालू शकते, हे मी तरी कोठे वाचले नव्हते.

आणि याच सप्टेंबरात चाचणी परीक्षेत प्रश्न आला : ‘केकावलीतील आत्मनिवेदन स्पष्ट करा.’ मी चार पाने लिहिली. ‘स्वतःच्या दोषांची निर्भय कबुली हीच खऱ्या भक्तीची पहिली पायरी होय,’ असे वाक्य शेवटी टाकले. सरांनी उत्तर वर्गात वाचून दाखवले आणि म्हणाले, “हा मुलगा मनापासून लिहितो.” मित्रांनी बाके वाजवली. मी खाली मान घालून बसलो. तेही वर्गाला विनयाचेच लक्षण वाटले असणार.

उत्तरपत्रिका घरी आणली. वडिलांनी गुण पाहिले. आईने तिच्यावर हात फिरवला आणि विचारले, “काय लिव्हलंय ह्यात?” मी म्हणालो, “मोरोपंतांचं हाय.” तेवढ्यावर ते थांबले.

महात्मा गांधींच्या ‘सत्याचे प्रयोग’ या आत्मकथेत एक प्रसंग आहे. पंधरा वर्षांचे असताना त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरून विकला, पंचवीस रुपयांच्या आसपासचे कर्ज फेडण्यासाठी. मन खाऊ लागले. बोलायची हिंमत होईना, म्हणून त्यांनी सर्व हकीगत चिठ्ठीत लिहिली, शिक्षाही मागितली आणि आजारी वडिलांच्या हातात ती दिली. वडिलांनी वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, चिठ्ठी त्यांनी फाडून टाकली. हा धडा मी ऑक्टोबरात ग्रंथालयात वाचला आणि मला मार्ग सापडल्यासारखे झाले. मी वहीचे पान फाडले, चिठ्ठी लिहायला बसलो. दोन ओळी लिहून झाल्यावर लक्षात आले, की आईला वाचता येत नाही.

गांधीजींच्या वडिलांना वाचता येत होते, एवढाच काय तो फरक; पण त्या फरकाने माझी वाट बंद झाली. वडिलांकडून वाचून घेतली असती तर ती वडिलांना दिलेली कबुली झाली असती. मी चार पाने लिहू शकत होतो, पृथ्वी वृत्ताची लगावली सांगू शकत होतो, आणि ज्या एका माणसाला सांगायचे त्याच्यापर्यंत माझे लिहिणे पोहोचत नव्हते. तोंडाने सांगायचे, तर ते घरच्या बोलीत सांगावे लागणार. ‘आत्मनिवेदन’, ‘दोष’, ‘कबुली’ यांतला एकही शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही. तेथे एवढेच म्हणता येते : “आये, त्या दिवशी दुधात पाणी म्या घातलं हुतं.”

दिवाळीच्या सुटीत, एका पहाटे, ती कॅन पुसत असताना मी हे वाक्य बोललो. सांगताना मोबाईलचेही सांगितले, वासराचेही सांगितले.

तिचा हात थांबला. थोड्या वेळाने तिने विचारले, “म्हंजी कॅन म्या नीट धुतला हुता त्या दिवशी?”

“व्हय.”

“मला वाटलंच हुतं,” ती म्हणाली. “म्या पालथा घातल्याचं माझ्या ध्यानात हुतं. पण मशीन कसं खोटं बोलंल, म्हनून म्हटलं आपुनच इसारलो आसू.”

पाच महिने ती स्वतःच्या आठवणीवर अविश्वास ठेवून जगली होती. हे माझ्या कोणत्याच हिशेबात आलेले नव्हते. मी दहा लिटर दूध धरले होते, त्या दिवसाचे पैसे धरले होते, लोकांचे हसणेही धरले होते.

ती मला रागावली नाही आणि जवळही घेतले नाही. वासराने त्या दिवशी किती दूध पिले असेल, त्याला नंतर हगवण लागली होती का, हे विचारले. लागली नव्हती. मग कॅन पुसायला घेऊन ती म्हणाली, “तितं मला समद्यांदेखत बोलले हुते.” एवढेच. पुढे काही सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

हा लेख मी दोनदा लिहिला. पहिल्या वेळी तो येथे, आईला सांगितल्यावर, संपवला होता आणि वाचून माझे मलाच समाधान वाटले होते, पहिल्या खोडलेल्या वाक्याने वाटले होते तसेच. म्हणून आणखी एवढे जोडतो, की केंद्रावर मी अजून काही सांगितलेले नाही. आपल्या कॉलेजात आमच्या गावची चार मुले आहेत आणि अंक त्यांच्या घरी जाईल. त्यांनी तो वाचण्याआधी सांगायचे आहे. केंद्र सकाळी सहाला उघडते. सातच्या सुमाराला तेथे वीस-पंचवीस माणसे असतात.